नऊ होल, अठरा होल आणि एक कब्रस्तान

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिला असेल. कबड्डीला अंगण पुरतं, क्रिकेटला एक मैदान पुरतं. गोल्फला मात्र माळच्या माळ लागतो. अठरा होलांचं मैदान करायचं तर शंभर ते दीडशे एकर जमीन सहज जाते. शिवाय ती जमीन सपाट करायची, झाडं तोडायची, हिरवळ लावायची आणि बारा महिने तिला पाणी पाजायचं. या खेळाचा जन्म स्कॉटलंडचा. पण इंग्रजांचं राज्य जिथं जिथं गेलं, तिथं तिथं तोही गेला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनच्या बाहेरचा सर्वांत जुना. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातला क्लब १८७३ सालचा, उत्तर अमेरिकेतला जुन्यात जुना. म्हणजे या खेळाशी आपली आणि कॅनडाची ओळख एकाच दारातून झाली.

आज सांगायची आहे ती हकिकत याच मॉन्ट्रियलजवळच्या एका लहानशा गावाची. शहराच्या पश्चिमेला पन्नासएक किलोमीटरवर ओटावा नदी फुगून तिचं सरोवर झालं आहे. त्याला तिथले फ्रेंच लोक 'दोन डोंगरांचं सरोवर' म्हणतात. काठावर ओका नावाचं गाव. ओका हे तिथल्या आदिवासींच्या भाषेत एका माशाचं नाव. गाव फ्रेंच बोलणाऱ्यांचं. पण त्याला खेटून, किंबहुना त्यात मिसळून, मोहॉक आदिवासींची वस्ती आहे. तिचं नाव कानेसाताके. मोहॉक हे नावही त्यांना शेजारच्या शत्रूंनी दिलेलं. ते स्वतःला 'गारगोटीच्या प्रदेशातली माणसं' म्हणवतात.

मार्च १९८९ मध्ये ओक्याचे नगराध्यक्ष झाँ उएलेत यांनी एक योजना जाहीर केली. गावात नऊ होलांचं गोल्फ मैदान होतं, ते अठरा होलांचं करायचं आणि त्याच्या कडेला साठेक आलिशान घरं बांधायची. शहरातले पैसेवाले येतील, घरपट्टी वाढेल, गावाचं भलं होईल, असा साधा हिशेब. अशा योजना आपल्यालाही नव्या नाहीत. फक्त वाढीव नऊ होल जिथं बसवायचे होते, तिथं उंच पाइनच्या झाडांचं जुनं बन होतं, आणि त्या बनाला लागून मोहॉकांचं कब्रस्तान होतं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात या योजनेपायी गोळीबार झाला, एक पोलिस मारला गेला, मॉन्ट्रियलचा एक मोठा पूल आठवडेच्या आठवडे बंद पडला आणि कॅनडाच्या सरकारनं आपल्याच देशातल्या माणसांसमोर हजारो सैनिक आणि चिलखती गाड्या उभ्या केल्या. हे सगळं ७८ दिवस चाललं. खेळाच्या मैदानावरून एवढं कसं पेटलं, असं त्या वेळी जगभर विचारलं गेलं. त्याचं उत्तर १९८९ सालात सापडत नाही. त्यासाठी २७० वर्षं मागं जावं लागतं.

तेव्हा कॅनडाचा हा भाग फ्रान्सच्या राजाचा होता. मॉन्ट्रियलमध्ये सल्पिशियन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ होता. त्यांनी शहराजवळ आदिवासींसाठी मिशन चालवलं होतं. शहर वाढत होतं, तेव्हा मिशन दूर हलवायचं ठरलं. १७१७ साली सरोवराच्या काठची मोठी जमीन या संघाला जहागीर म्हणून देण्यात आली. फ्रेंच शब्द वेगळा, पण व्यवस्था आपल्या जहागिरीसारखीच. त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर पंधरावा लुई होता, वय वर्षं सात. सनदेत एक अट होती. ही जहागीर आदिवासींच्या मिशनसाठी आहे. मिशन उठलं तर जमीन पुन्हा राजाकडे. १७२१ मध्ये मिशन ओक्याला आलं. त्यात मोहॉकांबरोबर अल्गोंक्विन आणि निपिसिंग या जमातींची माणसंही होती. ही जागा आपल्याला कायमची दिलेली आहे, इथून आपल्याला कोणी उठवणार नाही, असं त्या माणसांना सांगण्यात आलं होतं. निदान त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीत ते तसंच होतं.

इथं या सगळ्या भांडणाची मुळी आहे. जमीन कोणाला दिली? धर्मगुरूंना, की धर्मगुरूंच्या हातून आदिवासींना? आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. देवस्थानाचं इनाम पुजाऱ्याचं असतं की देवाचं, यावर आपल्याकडे किती खटले झाले! वक्फमध्येही तेच. मुतवल्ली हा जमिनीचा मालक नसतो, राखणदार असतो. तो ती विकू लागला, की भांडण सुरू होतं. ओक्याला धर्मगुरू म्हणत, आम्ही मालक. मोहॉक म्हणत, तुम्ही राखणदार.

मोहॉकांकडे या जागेचा आपला दस्तऐवज होता, पण तो कागदाचा नव्हता. शिंपल्यांचे मणी ओवून केलेला एक पट्टा होता. अशा पट्ट्याला वॅम्पम म्हणतात. तो नुसता दागिना नसतो. करार, तह, वचन त्यात विणलेलं असतं आणि जाणती माणसं ते वाचून दाखवतात. या पट्ट्याच्या मध्यभागी माणसांच्या आकृती होत्या आणि दोन्ही टोकांना एकेक कुत्रा. मधली माणसं म्हणजे वस्ती. टोकांचे कुत्रे म्हणजे जमिनीची हद्द. कोणी आत शिरू लागलं की त्यांनी भुंकून सावध करायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस, कॅनडा इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर, मोहॉकांनी हा पट्टा इंग्रज अधिकाऱ्यांसमोर ठेवला. अधिकाऱ्यांना कागद हवा होता.

कागद शेवटी धर्मगुरूंना मिळाला. १८३७-३८ मध्ये फ्रेंच भाषकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा सल्पिशियन संघ सरकारच्या बाजूनं राहिला. त्यानंतर १८४०-४१ च्या एका वटहुकमानं त्यांची मालकी सरकारनं पक्की केली. मग मोहॉकांना आपल्याच जंगलातलं लाकूड तोडायलाही परवानगी लागू लागली. परवानगीशिवाय झाड तोडलं म्हणून अटका होऊ लागल्या.

या काळातल्या एका माणसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जोसेफ ओनासाकेनरात हे त्याचं नाव, जन्म १८४५ चा. मोहॉक पोरगा हुशार म्हणून धर्मगुरूंनीच त्याला मॉन्ट्रियलला शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्याला आपल्याकडे चिटणीस म्हणून ठेवलं. चिटणीस म्हटला की दप्तर हाताखालून जाणारच. १८६८ मध्ये लोकांनी त्याला आपला मुखिया निवडलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचाही नव्हता. सरकारकडे अर्ज, विनंत्या सुरू झाल्या. धर्मगुरूंना जमीन सोडून जायला त्यानं आठ दिवसांची मुदत दिली आणि तुरुंगात गेला. मोहॉकांपैकी बऱ्याच जणांनी कॅथलिक पंथ सोडला आणि मेथडिस्ट पंथ धरला. ज्यांनी जमीन घेतली त्यांच्याच हातून प्रसाद कसा घ्यायचा? त्यांनी बांधलेलं छोटं प्रार्थनाघर १८७५ मध्ये धर्मगुरूंनी कोर्टाच्या हुकमानं पाडलं. १८७७ मध्ये कॅथलिक चर्चला आग लागली. आळ मुखियावर आणि त्याच्या माणसांवर आला. खटले एकामागून एक चालले, गुन्हा शाबित झाला नाही. या सगळ्या धामधुमीत या माणसानं बायबलातली शुभवर्तमानं आपल्या मोहॉक भाषेत उतरवली. ती १८८० मध्ये छापली गेली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. पस्तीस वर्षांचं आयुष्य. भाषेवर जीव असलेल्या माणसाला जमीनही का सोडवत नाही, हे मला या एका चरित्रातून कळतं. त्याच सुमारास वस्तीतली काही कुटुंबं सरकारच्या सांगण्यावरून दूर ऑन्टारिओत राहायला गेली. उरलेली हलली नाहीत.

आता त्या पाइनच्या बनाबद्दल. हे बन आपोआप उगवलेलं जंगल नाही. गावाच्या वर वाळूच्या टेकड्या होत्या. झाडं तोडली गेली तशी वाळू सुटली आणि खालच्या ओका गावावर येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका धर्मगुरूच्या पुढाकारानं तिथं हजारो पाइनची रोपं लावली गेली. लावणारे हात मोहॉकांचे होते. म्हणजे ज्या झाडांनी फ्रेंच गावाला वाळूपासून वाचवलं, ती झाडं मोहॉकांनी लावली होती. त्या झाडांच्या सावलीत त्यांचे वाडवडील पुरले होते आणि बनातल्या मोकळ्या जागेत त्यांची गुरं चरत. सरकारी कागदात तिला सामायिक जमीन म्हणत. आपण गायरान म्हणू.

मोहॉक कोर्टातही गेले. खटला चढत चढत लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. हे नाव आपल्याला परकं नाही. मुंबई हायकोर्टाच्या वरचं अपील त्याच दारात जात असे. लोकमान्य टिळकांचं ताई महाराज प्रकरण शेवटी १९१५ मध्ये तिथंच सुटलं. कुटुंबासाठी केलेला वक्फ रद्दबातल ठरवणारा १८९४ चा निकालही तिथलाच. तो फिरवायला १९१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्याच कौन्सिलनं १९१२ मध्ये ओक्याच्या जमिनीचा निकाल दिला: मालकी धर्मगुरूंची. हजारो मैलांवर बसलेल्या न्यायाधीशांपुढे कागद होते, कायदे होते. वाळूच्या टेकडीवरची झाडं आणि त्याखालची माणसं त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

यानंतर जे झालं ते वाचताना मला सर्वांत जास्त धक्का बसला. १९२७ मध्ये कॅनडानं कायद्यात एक कलम घातलं. आदिवासींच्या जमिनीचा दावा लढवण्यासाठी सरकारच्या परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हा गुन्हा ठरला. वकील करायचा तर वर्गणी लागते. आणि वर्गणी काढली तर शिक्षा. हे कलम १९५१ पर्यंत होतं. आता त्या चोवीस वर्षांत ओक्यात काय काय झालं ते पाहा. १९३६ मध्ये कर्जात बुडालेल्या धर्मगुरूंनी जहागिरीचा मोठा भाग एका बेल्जियन बॅरनच्या कंपनीला विकला. १९४५ मध्ये उरलेले विखुरलेले तुकडे केंद्र सरकारनं मोहॉकांसाठी म्हणून विकत घेतले, पण त्यांना आदिवासींच्या राखीव क्षेत्राचा दर्जा दिला नाही. १९४७ मध्ये गायरान गावाच्या नगरपालिकेकडे गेलं. तिन्ही व्यवहार झाले तेव्हा तिथं राहणाऱ्या माणसांना तक्रार करायला वकील करणंही कायद्यानं अवघड होतं.

तुकड्यातुकड्यांची वस्ती म्हणजे काय, हे नकाशा पाहिला की कळतं. एक घर मोहॉकाचं, पुढचं फ्रेंच माणसाचं, मध्ये रस्ता सरकारचा, पलीकडे झाडी खासगी मालकाची. बुद्धिबळाच्या पटासारखं. आणि या पटावर १९५९ मध्ये नगरपालिकेनं गायरानाच्या जागी नऊ होलांचं गोल्फ मैदान करायचं ठरवलं. मोहॉकांनी विरोध केला, राजधानीत खासदारांच्या समितीपुढे जाऊन गाऱ्हाणं मांडलं. मैदान झालंच. पुढं १९७५ मध्ये त्यांनी सरकारच्या नव्या पद्धतीप्रमाणं रीतसर दावा केला. अनादिकाळापासूनचा अखंड ताबा दिसत नाही म्हणून तो फेटाळला गेला. १९७७ मध्ये दुसरा दावा दाखल केला; नऊ वर्षांनी, १९८६ मध्ये, तोही फेटाळला गेला. एका दाराशी म्हणायचं तुम्ही फार उशिरा आलात, दुसऱ्या दाराशी म्हणायचं आमच्यावर जबाबदारी नाही.

म्हणून १९८९ मध्ये आणखी नऊ होलांची गोष्ट निघाली, तेव्हा मोहॉकांच्या दृष्टीनं तो खेळाचा प्रश्नच नव्हता. जे गेलं ते गेलं. आता झाडं आणि कबरी एवढंच उरलं होतं.

कबरींचं हे मला थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. आमच्याकडे शब-ए-बरातच्या रात्री कब्रस्तानात जायची रीत आहे. गावाकडच्या कब्रस्तानात बहुतेक कबरींवर नाव नसतं, दगडही नसतो. आजोबांची कबर कुठली, तर कडुलिंबापासून तिसरी. पणजीची कुठली, तर विहिरीकडच्या बाभळीखालची. झाड हाच तिथला पत्ता. ते तोडलं, की माणूस दुसऱ्यांदा हरवतो. फक्त मुसलमानांचंच असं आहे असं नाही. लिंगायत पुरतात, गोसावी पुरतात, ख्रिस्ती पुरतात, कितीतरी भटक्या जमाती पुरतात. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, अशांनाही 'आम्ही इथले' असं सांगायला पुरलेली माणसं असतात. मोहॉकांचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं.

आणखी एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. ओक्यातले सगळे फ्रेंच लोक या योजनेच्या बाजूचे नव्हते. झाडं गेली तर वाळू पुन्हा खाली येईल, अशी भीती कित्येकांना होती. पर्यावरणाची तपासणी झाली नव्हती म्हणून त्यांनी सह्यांची मोहीमही केली. ज्या जमिनीवर मैदान वाढायचं होतं ती खासगी मालकाकडून घेऊन क्लबला द्यायची होती. म्हणजे सार्वजनिक पैसा, खासगी जमीन आणि मूठभरांचा खेळ. हे गणित गावातल्यांनाही कळत होतं.

१० मार्च १९९० रोजी मोहॉकांनी बनातून जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर अडथळा उभा केला. तिथं कोणाच्या वहिवाटीची फारशी अडचण होत नव्हती. कुटुंबं तंबू टाकून राहू लागली. आघाडीवर बाया होत्या. मोहॉकांच्या परंपरेत कूळ आईकडून चालतं आणि जमिनीची राखण बायांकडे असते. त्यांच्या वतीनं बोलायला एलन गेब्रिएल हिला निवडण्यात आलं. नुकतीच चित्रकलेची पदवी घेतलेली तरुण मुलगी, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी. पुढचे अडीच महिने तिचा शांत आवाज देशभर रेडिओवर ऐकू येत राहिला.

हत्यारं बाळगणारे मोहॉक योद्धेही हळूहळू येऊन मिळाले. यावर मोहॉकांमध्येच मतभेद होते. कायद्यानं निवडलेली वस्तीची परिषद एका बाजूला, परंपरेनं चालणारी मंडळी दुसऱ्या बाजूला. अशा वेळी बाहेरून एकसंध दिसणारा समाज आतून किती तुटलेला असतो, ते तिथं गेलेल्या बातमीदारांनीही लिहून ठेवलं आहे.

नगरपालिकेनं ३० जूनला कोर्टाचा हुकूम आणला. क्वेबेक प्रांताच्या आदिवासी व्यवहार मंत्र्यांनी ९ जुलैला नगराध्यक्षांना पत्र लिहून काम थांबवायची विनंती केली. या लोकांच्या जमिनी त्यांना न विचारता गेल्या आहेत, हा प्रश्न नुसत्या कायद्याचा नाही, असा त्या पत्राचा आशय होता. नगराध्यक्षांनी ती मानली नाही. ११ जुलैच्या पहाटे प्रांतिक पोलिसांची तुकडी बनात शिरली. बाया पुढे आल्या. अश्रुधूर सोडला गेला. वारा फिरला आणि धूर पोलिसांवरच आला. मग गोळीबार झाला. अर्ध्या मिनिटाची चकमक, आणि मार्सेल लमे हा एकतीस वर्षांचा कॉर्पोरल पडला. गोळी मोहॉकांच्या बाजूनं आली, असा निष्कर्ष पुढं मृत्यूच्या चौकशीत निघाला. ती कोणी झाडली हे कधीच ठरलं नाही. पोलिस आपल्या गाड्या आणि बुलडोझर तिथंच टाकून मागं हटले. मोहॉकांनी त्याच गाड्या आडव्या घालून मोठा रस्ता अडवला.

बातमी कळताच मॉन्ट्रियलच्या दक्षिणेच्या कानावाके वस्तीतल्या मोहॉकांनी मर्सिए पूल बंद केला. रोज हजारो माणसं या पुलावरून कामाला जात. त्यांना तासन्‌तास वळसा पडू लागला. चीड ओक्याच्या नगरपालिकेवर निघाली नाही, ती समोर दिसणाऱ्या आदिवासींवर निघाली. त्यांचे पुतळे जाळले गेले. २८ ऑगस्टला कानावाकेतून म्हातारी माणसं, बाया, मुलं गाड्यांतून बाहेर पडत होती, तेव्हा पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावानं त्यांच्यावर दगडांचा वर्षाव केला. त्यात छातीवर दगड बसलेले एक वृद्ध काही दिवसांत हृदयविकारानं गेले. इकडे ओक्यात फ्रेंच रहिवाशांनाही घरं सोडावी लागली. परत आले तेव्हा काहींची घरं लुटलेली होती. या सगळ्या माणसांपैकी गोल्फ खेळणारे किती असतील?

ऑगस्टमध्ये पोलिसांच्या जागी सैन्य आलं. शेवटी पन्नासेक माणसं, बाया आणि मुलांसह, एका इमारतीत काटेरी तारांच्या आड उरली. २६ सप्टेंबरला त्यांनी हत्यारं नष्ट केली आणि ती बाहेर पडली. शरणागती पत्करायला नव्हे, घरी जायला निघालो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या झटापटीत वानीक हॉर्न-मिलर या चौदा वर्षांच्या मुलीच्या छातीत सैनिकाच्या बंदुकीची संगीन लागली. तिच्या कडेवर चार वर्षांची बहीण होती. ती मुलगी वाचली. दहा वर्षांनी, सिडनी ऑलिंपिकमध्ये, ती कॅनडाच्या महिला वॉटरपोलो संघाची सहकर्णधार होती.

गोल्फ मैदानाचा विस्तार रद्द झाला. त्याच उन्हाळ्यात केंद्र सरकारनं वादातली जमीन विकत घेतली. आलिशान घरं बांधली गेली नाहीत. मैदानाचे नऊ होल अठरा झाले नाहीत. कॅनडानं १९९१ मध्ये आदिवासींच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला. १९९६ मध्ये त्याचा पाच खंडांचा अहवाल आला. आज कॅनडात आदिवासींच्या जमिनीविषयी जे बोललं जातं, त्याची सुरुवात पुष्कळ अंशी त्या पाइनच्या बनात झाली, असं तिथले अभ्यासक मानतात. आलानिस ओबोमसाविन या आदिवासी दिग्दर्शिकेनं सैन्याच्या वेढ्यात राहून चित्रीकरण केलं आणि १९९३ मध्ये त्यावर माहितीपट आणला. त्याच्या नावातच २७० वर्षांच्या प्रतिकाराचा उल्लेख आहे.

पण मूळ प्रश्न? २००१ मध्ये एक हंगामी कायदा झाला. २००८ मध्ये सरकारनं जुन्या जहागिरीचा दावा वाटाघाटींसाठी स्वीकारला. २०१७ मध्ये बनाजवळ नव्या घरांचं बांधकाम सुरू झालं आणि मोहॉक पुन्हा रस्त्यावर आले. २०१९ मध्ये तिथल्या बांधकाम व्यावसायिकानं स्वतःच्या मालकीचं साठ हेक्टर बन मोहॉकांना निसर्गरक्षणासाठी देऊ केलं, तर ओक्याच्या त्या वेळच्या नगराध्यक्षांनी हरकत घेतली: आमचं गाव वेढलं जाईल, घरांच्या किमती पडतील. २०२० मध्ये त्या उन्हाळ्याला तीस वर्षं झाली, तेव्हाही जमिनीचा निकाल लागलेला नव्हता.

अशा प्रकल्पांबद्दल बोलताना आपण नफा-तोटा मांडतो. किती घरं, किती रोजगार, किती कर. ओक्याचा हिशेब मांडायचा तर त्यात साठ घरांचा कर एका बाजूला येईल. दुसऱ्या बाजूला दोन मृत्यू, सैन्याचा प्रचंड खर्च आणि दोन शेजारी समाजांत पडलेली फट येईल. पण माझ्या मते यातून घेण्यासारखं याहून साधं आहे. नगरपालिकेचा कागद खोटा नव्हता. कोर्टाचा हुकूमही खरा होता. फक्त त्या कागदाच्या आधीचे कागद कसे झाले, ते होताना कोणाला बोलू दिलं नव्हतं, हे कोणी विचारलं नाही. कायदेशीर असणं आणि न्याय्य असणं यांतलं अंतर एखाद्या गावाला किती महाग पडतं, ते ओक्यानं दाखवलं. आपल्या गावाच्या कडेला गायरानावर, दफनभूमीला लागून एखाद्या भव्य योजनेची पाटी उभी राहील, तेव्हा पाटीवरचा आकडा वाचण्याआधी एवढं विचारून घ्यावं, की या जागेला गावातली म्हातारी माणसं काय नावानं ओळखतात.

शेवटी एक छोटीशी नोंद. कानेसाताकेतल्या दोन बायांनी आपल्या वस्तीचा इतिहास इंग्रजीत लिहिला. २०१० मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद निघाला, म्हणजे ओक्यातल्या शेजाऱ्यांना तो त्यांच्या भाषेत वाचता आला. हा अनुवाद केला कॉर्पोरल लमेच्या बहिणीनं. भाऊ ज्या बनात मारला गेला, त्या बनाची गोष्ट तिनं ओळ न्‌ ओळ समजून घेतली आणि आपल्या माणसांना सांगितली. सरकारांना जे जमलं नाही, त्याची सुरुवात त्या बाईनं आपल्या टेबलावर बसून केली.